जाणार असलेले अण्णा

आमच्या सोसायटीत सायकलवर कामाला येणारी-जाणारी माणसं चार आहेत आणि जाणार असलेला माणूस एक. पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन, सकाळी पाव घेऊन येणारा पोरगा आणि सात घरच्या पोळ्या करणाऱ्या मावशी, या चौघांच्या सायकलींबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. पाचव्या सायकलीबद्दल मात्र गेलं वर्षभर रोज बोललं जातं, आणि त्यातलं निम्मं तिचा मालक स्वतःच बोलतो. हा मालक म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले अण्णा.

अण्णा विम्याच्या कचेरीत आहेत. घर कोथरूडला डहाणूकर कॉलनीत, कचेरी शिवाजीनगरला. मधलं अंतर सहा किलोमीटर. हे अंतर त्यांनी तीस वर्षं स्कूटरवरून कापलं आणि तीस वर्षांत त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मग एके दिवशी नळ स्टॉपच्या सिग्नलला त्यांच्या शेजारी एक शाळकरी मुलगी सायकलवर येऊन थांबली. पुढच्या सिग्नलला ती पुन्हा शेजारी. डेक्कनला ती पुढे. त्याच आठवड्यात साखरेचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "रोज चालत जा." अण्णांना चालण्याचं वावडं आहे. त्यांच्या मते चालणं हा व्यायाम नव्हे, वाहन बंद पडल्यावर माणूस करतो ती गोष्ट. संध्याकाळी ते आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ठरलं. सायकलवर कचेरीला जाणार."

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधी अभ्यास करावा लागेल," अण्णा म्हणाले.

हा अभ्यास माघात सुरू झाला. सायकल चालवायला त्यांना लहानपणापासून येत होती. चौथीत असताना भाड्याच्या सायकलवर, नळीच्या मधून पाय घालून, हाफ पायडल मारत ते शिकले होते आणि गुडघ्यावर त्याची खूणही आहे. पण अण्णांचं म्हणणं, ते चालवणं वेगळं आणि 'कम्यूट' वेगळं. कम्यूट हा शब्द त्यांनी त्या महिन्यात आणला आणि आल्यागेल्याला वाढला. युरोपात तो बॅरन ड्राइस १८१७ साली पायडल नसलेल्या लाकडी सायकलवर पायांनी जमीन ढकलत कसा फिरला, हे मला जिन्यात उभं राहून ऐकावं लागलं. मग १८८८. या सालावर अण्णांचा फार जीव. १८८८ साली डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केलेल्या हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं, आणि त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं! थोरले भाऊ रामूअण्णा गिऱ्हाइकांना सायकल चालवायला शिकवायचे. "एवढा मोठा उद्योगसमूह, आणि सुरुवात कशाने? सायकलने!" असं म्हणून अण्णा माझ्याकडे बघत. जणू मी नांगराचा कारखाना काढायचं टाळतो आहे.

खरं सांगायचं तर पुण्यात सायकलचं कौतुक सांगणं म्हणजे आळंदीत टाळ विकणं. हे सायकलींचं शहरच होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकली. माझ्या वडिलांच्या सायकलला महापालिकेचा बिल्ला होता, रात्री दिवा नसला की पोलीस धरायचे, डबलसीट दिसलात तरी धरायचे. तेव्हा कुणी सायकलवर जातो म्हणून सांगत नसे. पायात चप्पल आहे हे आपण सांगतो का?

अभ्यास संपवून अण्णा दुकानात गेले. एका नव्हे, आठ. एका दुकानात मीही सोबत होतो. काउंटरमागच्या मुलाने विचारलं, "सर, काय बघताय? रोड, एमटीबी की हायब्रिड?"

"रोडच," अण्णा म्हणाले. "आम्ही रोडनेच जातो."

मुलाने न हसता एक वाकड्या हँडलची, बोटाएवढ्या टायरची सायकल पुढे केली. तिच्यावर बसायचं तर कमरेत नमस्कार घालावा लागत होता. एमटीबीचे टायर ट्रॅक्टरचे आणि पुढे स्प्रिंगा. सपाट डांबरी रस्त्यावर पायडलला लावलेला थोडा जोर त्या स्प्रिंगा खातात, असं मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला. राहिली हायब्रिड. हँडल सरळ, टायर मध्यम, बसणं ताठ. दोन्हीतलं थोडंथोडं आणि पूर्ण असं काहीच नाही. म्हणजे मध्यमवर्गीय सायकल. अण्णांना ती लगेच पटली. गिअर एकवीस. किंमत चोवीस हजार.

"स्टँड?" अण्णांनी विचारलं.

"स्टँड वेगळा घ्यावा लागेल, सर."

"कॅरिअर?"

"वेगळा."

"मडगार्ड?"

मुलाने मान हलवली. पोळ्यावाल्या मावशींच्या सहा हजारांच्या सायकलला स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर, पुढे बास्केट आणि मागे साडी अडकू नये म्हणून जाळी, एवढं सगळं होतं. या सायकलीत चारपट पैसे कशाचे, तर नसलेल्या वस्तूंचे. वजन कमी व्हावं म्हणून त्या काढलेल्या. त्या अण्णांनी एकेक करून परत बसवून घेतल्या. वजन पूर्ववत झालं.

मग बाकीची खरेदी. भोकाभोकांचं हेल्मेट. हातमोजे, त्यांना बोटं अर्धीच. पुढे पांढरा दिवा, मागे लाल लुकलुकता. अंधारात चमकणारं पोपटी जाकीट. बुडाशी जाड गादी शिवलेली काळी तंग चड्डी. ती वहिनींनी घडी घालताना दोन बोटांत धरून विचारलं, "ही बाळाची की तुमची?" अण्णांनी तिचं शास्त्र समजावलं: तासभर सीटवर बसायचं तर गादी हवी, आणि ती घातली की आत दुसरं काही घालायचं नसतं, नाहीतर शिवण घासते. वहिनी म्हणाल्या, "एवढं मला नका सांगू, आणि मुख्य म्हणजे समोरच्यांना नका सांगू." पण ते मला अगोदरच सांगून झालं होतं.

एकंदर हिशेब पस्तीस हजारांवर गेला. अण्णांनी तो पाठकोऱ्या कागदावर मांडला. रोजचे बारा किलोमीटर, स्कूटरचं ॲव्हरेज चाळीस, पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे रोजची बचत साधारण एकतीस रुपये. वर्षाला कामाचे दिवस दोनशे चाळीस. पावणेपाच वर्षांत सगळे पैसे वसूल आणि त्यापुढे निव्वळ नफा! वहिनींनी कागद बघितला आणि खाली पेन्सिलीने लिहिलं: आज वय ५५. निवृत्ती ६०. नफ्याचे महिने तीन.

सायकल पाडव्याला आली. पार्किंगमध्ये लावली तर ओरखडे पडतील म्हणून चौथ्या मजल्यावर. ती लिफ्टमध्ये आडवी मावेना. पुढचं चाक वर करून, मागच्या चाकावर उभी करून अण्णांनी तिला मिठीत घेतलं आणि दोघं वर आले. दार उघडताच आमच्या हिने बघितलं आणि मला म्हणाली, "अण्णांनी असं वहिनींना कधी आणलं नसेल." गुढीशेजारी सायकल उभी राहिली. साखरेच्या माळेतल्या दोन गाठी हँडलला.

आता चैत्रात सुरुवात करावी, तर ऊन. "नवख्याने थेट उन्हात उतरू नये," अण्णा म्हणाले. वैशाखात तर विचारायलाच नको. मग त्यांनी ३ जून धरला, कारण संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून तो दिवस जागतिक सायकल दिन ठरवला आहे. मुहूर्त उत्तम. फक्त ७ जूनला मृग लागतो. जूनच्या दोन तारखेला दुपारी वळीव आला, कॉलनीत एक गुलमोहर पडला आणि अण्णांनी खिडकीतून बघत सांगितलं की निसरड्या रस्त्यावर ब्रेक लांब धरतो, नवख्याने पावसात उतरू नये. आषाढ गेला, श्रावण गेला. भाद्रपदात गणपती. रस्त्यात मांडव, संध्याकाळी अर्धं शहर पायी. "बघायचं तर ठीक, पण कम्यूट?" त्यानंतर पितृपक्ष. पितृपक्षात पुण्यात नवी चड्डीसुद्धा घालत नाहीत, मग गादीची कुठून घालणार! दरम्यान सायकल हॉलमध्ये होतीच. तिच्या हँडलला आधी पिशव्या आल्या, मग ओले टॉवेल, मग नातवाचा रेनकोट. गौरी-गणपतीला आलेल्या पाहुण्यांनी तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही व्यायामाची का? जागच्या जागी चालते ती?"

"सध्या तीच," वहिनी म्हणाल्या.

खंडेनवमीला सायकलची पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. एकवीस गिअरच्या दातऱ्यांवर हळद पडून ती नंतर टूथब्रशने काढावी लागली. दसऱ्याला आपट्याची पानं देताना वहिनींनी मला हळूच सांगितलं की मधले सहा महिने धरले तर नफा आता निवृत्तीनंतर सुरू होतो.

यानंतर मात्र माघार शक्य नव्हती. लिंबू चिरडलं गेलं होतं.

रविवारी सकाळी सहाला रंगीत तालीम झाली. हा बेत मात्र शहाणपणाचा होता, हे कबूल करायला हवं. ज्या रस्त्याने रोज जायचं तो सुट्टीच्या दिवशी एकदा चालवून बघावा, वेळ मोजावी. कर्वे रस्ता रिकामा, वर मेट्रोचा पूल, खाली अण्णा. बावीस मिनिटांत कचेरीच्या फाटकाशी. येताना चहा पिऊन, क्रीमरोल खाऊन आले आणि मोबाइलमधला नकाशा मला दाखवला: केशरी रेघ, सहा किलोमीटर. "काही नाहीये हो यात," ते म्हणाले, "लोक उगीच घाबरतात."

सोमवारी सव्वानऊला ते पोपटी जाकिटात खाली उतरले. सोसायटीच्या दारातच 'बी' विंगच्या आजींनी त्यांच्या हातात ओल्या कचऱ्याची बादली दिली. ती अण्णांनी योग्य ठिकाणी रिकामी केली, बादली परत नेऊन दिली आणि मग निघाले. उशीर इथूनच सुरू झाला.

सोमवारचा कर्वे रस्ता हा रविवारच्या कर्वे रस्त्याचा नातेवाईक लागत नाही. रविवारी जो रस्ता होता त्याचा डावा तिसरा हिस्सा सोमवारी उभ्या गाड्यांनी भरलेला. त्या गाड्यांची दारं कधीही उघडतात. उजवीकडून बस. ती थांब्यावर येताना सायकलवाल्याला डावीकडे दाबते आणि थांब्यावरून निघताना उजवीकडे ढकलते. मागून रिक्षा. मधून कुणी तरी उलट्या दिशेने येतंय, आणि नजर अशी, जणू अण्णाच चुकले. अण्णांनी नियमाप्रमाणे उजवा हात लांब करून वळणार असल्याचं दाखवलं. मागचा स्कूटरवाला थांबला आणि म्हणाला, "काका, काही हवंय का?"

सायकल ट्रॅक नावाची एक वस्तू वाटेत लागते. लाल रंग, मध्ये सायकलचं पांढरं चित्र. चित्रावर स्कूटरी लावलेल्या, स्कूटरींच्या पुढे विजेचा डबा, डब्यामागे भेळेची गाडी, आणि त्यापुढे ट्रॅक संपल्याची पाटी नसतानाच संपलेला ट्रॅक. अण्णा त्यावर चढले, भेळेपर्यंत गेले, उतरले. जंगली महाराज रस्त्यावर त्यांना जरा श्वास मिळाला. १९७०च्या दशकात बांधलेला हा रस्ता, दहा वर्षांची हमी दिली होती आणि त्याच्या कितीतरी पट टिकला, हे पुणेकर पाहुण्यांना शनिवारवाड्याच्या आधी सांगतात. अण्णांनी तो खड्ड्यावाचून पार केला आणि कचेरीच्या फाटकात पोचले. एकोणचाळीस मिनिटं.

फाटकात वॉचमन. "सायकल आत लावता येणार नाही साहेब. पार्किंग फक्त दुचाकीचं आहे."

अण्णा उतरले. हेल्मेट काढलं. कपाळावर भोकाभोकांची नक्षी उठली होती. "हिला चाकं किती?" त्यांनी विचारलं.

वॉचमनने बघितली. "दोन."

"मग ही कोण?"

"सायकल."

पुढची दहा मिनिटं अण्णांनी 'दुचाकी' या शब्दाचा समास सोडवून दाखवला. स्कूटर जन्मायच्या आधी हा शब्द सायकलचा होता, स्कूटरने तो बळकावला, वगैरे. वॉचमनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, माझी पण सायकल आहे. मी जनरेटरच्या मागे लावतो. तिथं लावा." वर्षानुवर्षं तो तिथेच लावत होता.

घाम कचेरीत जिरवायची योजना तयार होती. पंख्याखाली दहा मिनिटं, मग ओल्या पंच्याने अंग पुसायचं, मग पिशवीतला इस्त्रीचा शर्ट. शर्ट होता. रुमाल, पावडर, कंगवा, मोजे, सगळं होतं. पँट नव्हती. ती घरी पलंगावर, घडी न मोडता, पिशवीत जायची वाट बघत पडली होती. त्या दिवशी अण्णांनी साडेदहा ते साडेपाच खुर्ची सोडली नाही. काउंटरच्या वर पांढरा शर्ट, चष्मा आणि फायली. काउंटरच्या खाली गादीची चड्डी. साहेब दोनदा केबिनमध्ये बोलावून गेले, दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, "फाइल पाठवतो." जेवणाचा डबा सहकाऱ्यांनी जागेवर आणून दिला. एक म्हातारे पॉलिसीधारक मॅच्युरिटीचा चेक घेऊन जाताना कृतज्ञतेने हात जोडून उभे राहिले. अण्णांनी बसूनच नमस्कार केला, आणि ते गृहस्थ कचेरीतला उद्धटपणा वाढल्याचं पुटपुटत गेले.

येताना आणखी एक शोध लागला. कोथरूड वर आहे. नदीकडे जाताना उतार आणि घरी येताना चढ. तीस वर्षं ही गोष्ट स्कूटरला माहीत होती, तिने अण्णांना सांगितली नव्हती. घरी यायला पन्नास मिनिटं लागली आणि लिफ्ट बंद होती.

मंगळवारी विश्रांती. बुधवारी गेले. गुरुवारी गुडघे धरून बसले. शुक्रवारी गेले आणि शनिवारी त्यांच्या घरातून निलगिरीच्या बामचा वास आमच्या घरात आला. दोन्ही गुडघ्यांना इलॅस्टिकच्या टोप्या. खुर्चीतून उठताना "आई गं". अण्णांनी पराभवाचं कारणही शोधून ठेवलं होतं. भारतीय माणसाच्या गुडघ्याची ठेवणच वेगळी, मांडी घालून घालून. सायकल युरोपियन गुडघ्यासाठी बनली आहे.

हे ते आमच्या दोघांच्या दारांमधल्या जागेत, सायकलवर बसून सांगत होते. सायकल भिंतीला टेकलेली नव्हती. ते सीटवर बसले होते आणि दोन्ही तळवे फरशीवर पूर्ण टेकलेले होते. त्या वेळी पोळ्यावाल्या मावशी त्यांच्याकडचं काम संपवून बाहेर आल्या. मावशी सुतारदऱ्यातून येतात. टेकडीच्या अंगावरची वस्ती ती, चढ असा की रिक्षासुद्धा पहिल्या गिअरमध्ये कण्हते. बावीस वर्षं सायकलवर आहेत. साडी नेसून. त्यांनी पदराला हात पुसले आणि थोडा वेळ ऐकलं.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "राग नका मानू. सीट एवढी खाली कशाला ठेवलीय?"

"पाय टेकायला नकोत?"

"बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकले तर ती सायकल नाही, ते घरातलं स्टूल. तुमचे गुडघे बघा कुठं येतात ते. पायडल वर आलं की पार हनुवटीला. दुखणार नाही तर काय होणार?"

अण्णा काही तरी युरोपियन बोलणार होते. पण मावशींनी कॅरिअर धरलं आणि म्हणाल्या, "बसा नीट. टाच ठेवा पायडलवर. टाच, चवडा नव्हे. आता ते पायडल अगदी खाली घ्या. पाय सरळ होतोय का?"

होत नव्हता. गुडघा चांगलाच वाकलेला. मावशींनी सीटखालची पकड उघडली, नळी वर ओढली. चार बोटं. पुन्हा बसवलं. अजून दोन. आता टाच पायडलवर ठेवली की पाय सरळ होत होता.

"झालं. आता चालवताना चवडा ठेवायचा, की गुडघा जरासाच वाकतो. आणि थांबायचं असलं की सीटवरून पुढं उतरायचं, एक पाय टेकायचा. बसून नाही टेकायचं."

"पण पडलो म्हणजे?"

"मी साडीत नाही पडत," मावशी म्हणाल्या. मग खाली वाकून त्यांनी चेन बघितली. "ही पुढच्या मोठ्या चकतीवरच का असते ओ रोज? तिन्ही आहेत ना?"

इथे अण्णांनी कबुली दिली. मोठ्या चकतीवर वेग येतो, आणि एकवीस गिअरचे पैसे दिलेत तर मोठा का वापरू नये, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्या दिवसापासून ते पौड फाट्याचा चढसुद्धा उतारावरच्या गिअरमध्ये चढत होते. प्रत्येक पायडलला उभं राहून, दात खाऊन. मावशींच्या सायकलला गिअर एकच. पण तीस वर्षं जुन्या शिलाई मशीनचा पाय जसा हलका, भराभर फिरतो तसा त्यांचा पाय फिरतो, हे मी खिडकीतून कितीदा पाहिलं आहे. "जोर लावायचा नाही, फिरवत राहायचं," त्या म्हणाल्या. "चढ यायच्या आधीच हलकं करा. चढावर गेल्यावर बदलायला गेलात तर चेन पडंल."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन चहा टाकला. चहा पिता पिता मावशींनी रस्ताही सांगितला. पूर्वी त्यांची कामं प्रभात रस्त्यावरच्या बंगल्यांत होती. बंगले पाडून इमारती झाल्या आणि मावशींची घरं कोथरूडकडे सरकली, पण वाट त्यांच्या पायात होती. कर्वे रस्ता धरायचाच नाही. मयूर कॉलनीतून आत शिरायचं, पौड फाट्यापाशी मोठा रस्ता एकदाच ओलांडायचा, तिथून गल्लीगल्लीतून लॉ कॉलेज रस्ता, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता. झाडं आहेत, सावली आहे, बस नाही. उभ्या गाड्यांपासून लांब राहायचं, दार उघडलं तरी लागणार नाही एवढं. "आणि नवाला निघा. सव्वानवाला नको. सव्वानवाला सगळ्यांनाच पोचायचं असतं."

आठ महिने अभ्यास केलेल्या माणसाला हे अर्ध्या कप चहात मिळालं. अण्णा त्यानंतर बराच वेळ गप्प होते. अण्णा गप्प असलेले मी दोनदाच पाहिलेत, दुसरी वेळ लेकीच्या पाठवणीची.

पुढच्या सोमवारी ते मावशींच्या वाटेने गेले. अठ्ठावीस मिनिटं. पँट पिशवीत. आठवडाभरात बाम बंद झाला. गुडघ्याच्या टोप्या आमच्या हिने मागून घेतल्या.

पंक्चर राहिलं होतं, तेही झालं. भांडारकर रस्त्याच्या एका गल्लीत मागचं चाक बसलं. अण्णा ढकलत पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे दाखवले, पॅच मारला आणि पंप लावला. लागेना. या परदेशी ट्यूबची नळी पेन्सिलीच्या टोकाएवढी, डोक्यावर एक इवलासा स्क्रू. आपल्याकडच्या पंपाला ती चालत नाही. मधे पितळेची एक टोपी लागते, पंधरा-वीस रुपयांची. ती अण्णांकडे होती. घरी, ड्रॉवरमध्ये, पुठ्ठ्याच्या डबीत, वर 'महत्त्वाचे' असं लिहून. तेव्हापासून ती किल्लीच्या जुडग्यात आहे आणि अण्णांनी घरी एक उभा पंप आणला आहे, काट्याचा, हवा किती भरली ते दाखवणारा. दर रविवारी ते हवा बघतात. टायरवरच लिहिलेलं असतं किती भरायची. अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हणणाऱ्यांचा ते हल्ली तिरस्कार करतात.

अण्णा आता सोमवार, बुधवार, शुक्रवार जातात. मंगळवारी आणि गुरुवारी स्कूटर. पावसाळ्यात काय करणार ते ठरलेलं नाही. अभ्यास चालू आहे. पोपटी जाकीट ते अजून घालतात, पण फाटकाशी आजी दिसल्या की आधी काढून पिशवीत ठेवतात. वजन तीन किलोने उतरलं. साखर उतरली म्हणतात, रिपोर्ट मला दाखवला नाही. सायकल पार्किंगमध्ये असते, ओरखडे चार. मोबाइलमधला नकाशा दाखवायचं त्यांनी बंद केलं आहे आणि १८८८ सालाचं नावही मी दोन महिन्यांत ऐकलेलं नाही.

परवा मात्र खालच्या फलकावर त्यांच्या अक्षरात एक नोटीस लागली. ते यंदा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत.

"पार्किंगमध्ये सात सायकली दीर्घकाळ बेवारस आहेत. संबंधितांनी १५ तारखेपूर्वी त्या वापरात आणाव्यात, अन्यथा भंगारात देण्यात येतील. हवा भरण्याचा पंप फ्लॅट क्र. १६ मध्ये मिळेल. वेळ सकाळी ६ ते ६.१५. पंप स्वतः आणून द्यावा, आठवण केली जाणार नाही. सीटची उंची पोळ्यांच्या मावशींना विचारावी (११ नंतर)."

सातातली तिसरी, मडगार्ड नसलेली, माझी आहे. आज बारा तारीख.